ठिपका पाण्यात पडत नाही

१

सोमवारी सकाळी सव्वासात वाजता कालव्यालगतच्या वसाहतीत तीन दारांवर तीन नोटिसा चिकटवलेल्या आढळल्या. मजकूर एकच: भाडेकरार पुढे चालू ठेवण्याचा मालकाचा विचार नाही, महिनाअखेर घर रिकामं करावं. चिकटवणाऱ्याला कोणी पाहिलं नव्हतं.

वसाहतीत चार रांगा, सगळी घरं एकाच साच्यातली, भिंतीला भिंत लागून. मालक एकच. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो एक तिरसट म्हातारा होता; नळ गळतो म्हटलं की तोंडाचा पट्टा सोडायचा, पण पान्हा घेऊन स्वतः यायचा. तो गेल्यावर मुलांनी अख्खी वसाहत एका गुंतवणूक फंडाला विकून टाकली. तेव्हापासून मालक म्हणजे फोनवरचा एक गोड आवाज होता, आणि तोही माणसाचा नव्हता.

नोटिसांची खबर आली तेव्हा नकाशाबाई विद्यापीठात तासाला निघाल्या होत्या. शहरांचा भूगोल हा त्यांचा विषय. कुठल्याशा दूरच्या गावातल्या निवृत्त शिक्षकांची पेन्शन या फंडात गुंतवलेली आहे, आणि इथलं भाडं वाढलं की तिथली पेन्शन सुखरूप राहते, हे त्यांनी शोधून काढलं होतं. पण वसाहतीत त्यांचं नाव पडलं ते इंटरनेटवरच्या नकाशामुळे. भाडेकरूने आपल्यावर काय गुजरलं ते नाव न देता लिहायचं, आणि नकाशावर एक लाल ठिपका उमटायचा. ठिपका नेमका घरावर नाही, जरा इकडेतिकडे, म्हणजे घर कोणाचं ते कोणालाच कळू नये. खरी घरं कुठली, याची यादी फक्त बाईंच्या संगणकात कुलूपबंद होती.

फोन भाऊचा होता. भाऊ म्हणजे भाडेकरूंच्या संघटनेचा कर्ताधर्ता. मोबाइलदुरुस्तीचं दुकान चालवायचा.

"बाई, तिघांतले दोघं ढसाढसा रडतायत. म्हणतात, आम्ही नकाशावर लिहिलं होतं, म्हणून आमच्यावर गंडांतर आलं. तुम्ही तर म्हणाला होता, कोणाच्या बापाला कळणार नाही."

"आणि तिसरं घर?"

"घड्याळकाका. दुसऱ्या रांगेतले."

बाई काही बोलणार होत्या, पण त्यांनी जीभ चावली. यादी त्यांना पाठ होती. पहिली दोन घरं त्यात होती. घड्याळकाकांचं नव्हतं.

२

दुपारी त्यांनी मावशीला बोलावून घेतलं. मावशीने सगळी नोकरी विमा कंपनीत केली, आगीचे दावे तपासण्यात. राखेत उभं राहून साळसूदपणे खोटं बोलणारी माणसं ओळखण्यात तिचा हातखंडा होता. निवृत्त झाल्यावर ही विद्या वाया जात असल्याची तिची जुनी तक्रार होती.

"चिंगे, आधी मला हे नकाशाचं प्रकरण दाखव," चपला काढता काढता ती म्हणाली. भाचीचे केस पिकायला लागले तरी मावशीच्या लेखी ती चिंगीच होती.

बाईंनी फोन तिच्या हातात दिला. मावशीने चष्मा कपाळावर चढवून नकाशा पाहिला, बंद केला, पुन्हा उघडला.

"अगंबाई! हा ठिपका मघाशी पिंपळाच्या अलीकडे होता. आता पलीकडे कसा?"

"दर वेळी तो नव्या जागी पडतो. नकाशा जितक्यांदा उघडशील तितक्यांदा." बाईंच्या आवाजात इतक्या काळजीतही थोडा अभिमान डोकावला. "बाकीचे लोक एकदाच सरकवतात आणि मोकळे होतात. मी म्हटलं, एका जागी ठेवायचाच कशाला?"

"हुशार आहेस," मावशी म्हणाली. तिचा स्वर मात्र शाबासकीचा नव्हता. "बरं, यादीला हात लावू शकणारे कोण कोण?"

तिघं होते. नकाशा बांधणारा प्रोग्रामर, ज्याला सगळे मिस्त्री म्हणत. बाईंच्या हाताखाली पीएचडी करणारी मुलगी. प्रबंध पुरा व्हायचा होता तरी वसाहतीने तिला डॉक्टरीण करून टाकलं होतं. आणि तिसरा भाऊ. नवीन तक्रार खरी की खोटी, हे तो घरी जाऊन पडताळायचा, म्हणून त्याला यादी पाहावी लागे.

"सकाळीच तातडीचा अर्ज दिला. शुक्रवारी भाडे न्यायाधिकरणापुढे सुनावणी आहे," बाई म्हणाल्या. "तक्रार केली म्हणून सूड उगवला, असं सिद्ध झालं तर नोटिसा रद्द होतील. पण त्यासाठी कोणी तक्रार केली हे फंडाला ठाऊक होतं, असं दाखवावं लागेल. कसं ठाऊक झालं, हे मलाच ठाऊक नाही. तीन घरं जातील मावशी. आणि उद्यापासून कोणी तोंड उघडणार नाही."

"तुझ्या तिघांतला एक फितूर आहे असं तुला वाटतं?"

"नाही," बाई म्हणाल्या. मग, "माहीत नाही."

३

मावशीने मंगळवारी तिघांनाही गाठलं. बाई बरोबर होत्या, पण मध्ये बोलायचं नाही अशी सक्त ताकीद होती.

मिस्त्री सुरुवातीपासूनच फणफणत होता. "मावशी, कुलूप मी बनवलंय. ते तुटलेलं नाही. यादी शेवटची उघडली ती भाऊने, गेल्या महिन्यात. आणि भाऊला नुकताच तीन वर्षांचा नवा करार मिळालाय, तोही जुन्याच भाड्यात. बाकी तुम्ही सुज्ञ आहात."

"ते राहू दे. मला सांग, या नकाशावर कालवा निळा दाखवलाय. त्या निळ्यात एकही ठिपका कसा नाही?"

मिस्त्री पहिल्यांदा हसला. "सुरुवातीला पडायचे की. लोक टर उडवायला लागले, नकाशाबाईंनी मासे भाडेकरू ठेवलेत म्हणून. डॉक्टरीण म्हणाली, पाण्यात पडला की परत फेक. मी दोन ओळी घातल्या, संपला विषय. बाईंना नंतर सांगितलं."

बाईंनी मान हलवली. ती गोष्ट इतकी किरकोळ होती की त्यांच्या लक्षातही राहिली नव्हती.

डॉक्टरीण ग्रंथालयाच्या पायरीवर भेटली. मावशीने थेटच विचारलं, "तू कुठल्या गुंतवणूक कंपनीत मुलाखतीला गेली होतीस म्हणे?"

मुलीचा चेहरा उतरला. तिने बाईंकडे पाहिलं नाही. "गेले होते. शिष्यवृत्ती संपलीय. मलाही भाडं भरावं लागतं, तेही कुठल्या तरी फंडालाच. पण मावशी, नोकरी मागायला गेले होते, घरं विकायला नाही."

"या फंडाचीच कंपनी होती का?"

"नाही. आणि त्यांनी मला घेतलंही नाही. झालं समाधान?" एवढं बोलून ती तरातरा निघून गेली. बाईंना तिच्या मागे जावंसं वाटलं, पण पाय उचलला नाही.

भाऊच्या दुकानात उघडे पडलेले फोन ओळीने मांडलेले होते. नव्या कराराचा विषय निघताच तो एका फोनच्या पोटात नसलेला स्क्रू शोधायला लागला.

"करार मिळाला, खरं आहे. का मिळाला सांगू? कारण मी ठिपका टाकलाच नाही." त्याने स्क्रूड्रायव्हर खाली ठेवला. "सगळ्यांना सांगत फिरलो, घाबरू नका, लिहा, मी आहे. आणि स्वतःच्या भिंतीला बुरशी असून गप्प बसलो. पोरगी दहावीला आहे मावशी, यंदा घर बदलायला नको होतं. घाला मला जोडे."

"जोडे सावकाश घालू. घड्याळकाकांनी ठिपका टाकला होता?"

"काकांनी?" भाऊ चमकला. "छे! त्यांच्याकडे बटणांचा फोन आहे, तोही मीच चार वेळा दुरुस्त केलाय. वसाहतीत कोणालाही विचारा, काका तक्रार करणारे नव्हेत. सकाळी एका वार्ताहरालाही मी हेच सांगितलं, की बघा, न बोलणाऱ्या म्हाताऱ्यालाही सोडलं नाही."

दुकानातून बाहेर पडताना मावशी थबकली. "चिंगे, आगीत सगळ्यात जास्त जळलेली जागा लोक बघत बसतात. मी बघायचे, जिथं जळायला नको होतं तिथं का जळलं."

बुधवारी फंडाच्या वकिलाचं लेखी उत्तर आलं आणि बाईंच्या पायाखालची जमीन सरकली. उत्तर चार ओळींचं होतं. नकाशा पूर्णपणे निनावी असल्याचं प्राध्यापिकांनीच जाहीर केलेलं आहे. तेव्हा तक्रारदार कोण, हे आमच्या अशिलास कळणं शक्य नाही. शिवाय तिघांपैकी एकाने तक्रार केलेलीच नाही, असं भाडेकरूंच्या संघटनेनेच वृत्तपत्रात सांगितलं आहे. सबब सुडाचा प्रश्न उद्भवत नाही.

बाईंचं वचन आणि भाऊचं बोलणं, दोन्ही आता फंडाच्या बाजूने साक्षीला उभी होती.

४

गुरुवारी दुपारी मावशीने सगळ्यांना घड्याळकाकांच्या घरी जमवलं. पुढच्या खोलीत भिंतीभर घड्याळं होती. प्रत्येकाची वेळ वेगळी. दुरुस्तीला आलेलं घड्याळ मालक समोर आल्याशिवाय लावायचं नाही, हा काकांचा शिरस्ता. खिडकीतून समोरची पहिली रांग दिसत होती, आणि तिच्यामागे कालव्याचं पाणी. समोरच्या घरातली टेलरबाई काकांसाठी डबा घेऊन आली होती. "मी निघते, शिलाईचं काम पडलंय," असं म्हणून ती वळली, तर मावशीने तिलाही थांबवलं.

"तुमच्याकडे बटणांचा डबा असेल ना? जरा आणता का?"

बाईंनी नजर घड्याळांवर खिळवून ठेवली. यादी पाहिलेल्यांखेरीज या खोलीत एक गोष्ट फक्त टेलरबाईला माहीत होती.

डबा आला. मावशीने काकांचं कामाचं टेबल मोकळं करून मधोमध एक कप ठेवला.

"भाऊ, तू भिंतीकडे तोंड कर. हा कप म्हणजे एक घर. मिस्त्री, याच्याभोवती वीतभर अंतरात बटणं टाक. हवी तशी टाक, नेम धरू नकोस."

मूठ-मूठ करून बटणं पडली. मावशीने कप उचलला. "वळ रे. कप कुठं होता?"

भाऊने क्षणभर पाहिलं आणि बटणांच्या बरोबर मधोमध बोट ठेवलं. कपाखालचा चहाचा ओला गोल त्याच्या बोटाखालीच होता.

"यात काय मोठं? सगळी त्याच्याभोवतीच तर पडलीयत."

"तेच तर. एक बटण बघून तुला काही कळलं नसतं. पण चिंगीचा ठिपका दर वेळी नव्या जागी पडतो. कोणी नकाशा हजारदा उघडला तर त्याला हजार बटणं मिळतात, फुकटात."

मिस्त्रीच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. बाईंना आधी काहीच ऐकू आलं नाही, मग सगळी घड्याळं एकदम ऐकू आली. दर वेळी नवी जागा. ही अट त्यांची होती. एकदाच सरकवला असता तर ठिपका मुका राहिला असता.

"कोणी यादी फोडली नाही," मावशी म्हणाली. "यादी ज्याच्या हातात असती तो काकांच्या दाराशी आलाच नसता. भाऊ तर बोलूनचालून काकांना ओळखतो. मग काका का? मिस्त्री, बटणं गोळा कर." तिने कप उचलून टेबलाच्या अगदी कडेला ठेवला. "ही कड म्हणजे कालवा. आता टाक. खाली पडेल ते बटण उचलून परत टाकायचं. पाण्यात ठिपका नको ना तुम्हाला?"

भाऊ पुन्हा भिंतीकडे वळला. बटणं खाली टपटपली, डॉक्टरीण ती उचलून देत राहिली. तिसऱ्यांदा वाकली तेव्हा तिच्या लक्षात आलं आणि ती वाकल्या जागीच थांबली.

"कप कुठं होता, भाऊ?"

भाऊने बोट ठेवलं. कड सोडून आत, चार बोटं आत. तिथं टेबल कोरडं होतं.

"एक रांग मागे," डॉक्टरीण पुटपुटली. "पाण्याकडची बटणं परत फेकली की सगळा मध्य आत सरकतो. म्हणजे तक्रार पहिल्या रांगेतून गेली होती. नोटीस मागच्या घराला लागली."

मिस्त्रीने लॅपटॉप उघडला होता. त्याने आपलाच नकाशा यंत्राकरवी पुन्हापुन्हा उघडायला लावला आणि कालव्याकडच्या त्या एका ठिपक्याच्या सगळ्या जागांचा मध्य काढला. पडद्यावर एक फुली उमटली. ती ज्या छपरावर होती, त्याच छपराखाली ते सगळे बसले होते. त्याने नकाशा बंद करून टाकला.

"म्हणजे माझं घर कोणाच्या तरी बदल्यात चाललंय," काका म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "बायको याच खोलीत गेली माझी. मी कधी कोणाच्या अध्यात ना मध्यात."

"शुक्रवारी हे सांगितलं की फंडाचं पितळ उघडं पडेल," भाऊ उसळून म्हणाला. "बाई, पहिल्या रांगेतल्या त्या माणसाचं नाव सांगून टाका. त्याने उद्या उभं राहायला पाहिजे."

"ते मी सांगणार नाही."

"काकांचं घर जातंय आणि तुम्ही..."

"मी शब्द दिलाय, भाऊ. तुम्ही यादी पाहिलीय, तुम्हालाही माहीत आहे. तुमचाही शब्द आहे."

टेलरबाई जमिनीवरून उरलेली बटणं वेचत होती. पांढरी एकीकडे, काळी एकीकडे. डब्याचं झाकण लावून ती उठली आणि काकांना म्हणाली, "डबा गार व्हायच्या आत जेवा." मग खाली मान घालून निघून गेली.

५

न्यायाधिकरणाची खोली शाळेच्या वर्गाएवढी होती. मिस्त्रीने फुलीचं चित्र दाखवलं, डॉक्टरिणीने गणित समजावलं. फंडाचा वकील शांतपणे ऐकत राहिला आणि शेवटी उठला.

"फारच सुरस कथा आहे. पण कथाच. कालव्यालगतच्या घरातून तक्रार झाली होती, हे म्हणणार कोण? प्राध्यापिकाबाई नाव सांगायला तयार नाहीत. उद्या मीही म्हणेन, चंद्रावरून तक्रार आली होती."

पीठासीन अधिकाऱ्यांनी बाईंकडे पाहिलं. "नाव सांगणार का?"

बाई उभ्या राहिल्या. त्यांना डावीकडे बसलेले घड्याळकाका दिसत होते. घड्याळ नसलेलं आपलं मनगट ते चोळत होते.

"नाही," बाई म्हणाल्या. "मला क्षमा करा, काका."

मागच्या बाजूला खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"तो ठिपका माझा आहे." टेलरबाईने पर्स छातीशी घट्ट धरली होती. "भिंतीला ओल आली म्हणून फोन केला, तर पुढच्या महिन्यात भाडं वाढवलं. तेच लिहिलं होतं मी. काकांनी काही लिहिलेलं नाही. त्यांना लिहायचं असतं तरी मीच लिहून दिलं असतं."

वकील म्हणाला, "आपण हे कशावरून..."

"थांबा हो जरा. एवढं बोलायला मला रात्रभर लागलंय, मध्ये तोडू नका." कोणीतरी हसलं. "बाई, दाखवा त्यांना. माझी परवानगी आहे. आता लपून काय करू? समोरच्या म्हाताऱ्याला माझ्यापायी रस्त्यावर जाताना खिडकीतून बघत बसू?"

बाईंनी तिची एकच नोंद उघडून दाखवली. अधिकाऱ्यांनी ती वाचली, फुलीचं चित्र पुन्हा मागवलं, आणि तिन्ही नोटिसांना पुढच्या सुनावणीपर्यंत स्थगिती दिली. हीच तीन घरं कशाच्या आधारे निवडली, ते फंडाने तीन आठवड्यांत शपथेवर सांगावं, असाही आदेश झाला.

बाहेर भाऊने मिस्त्रीला मिठी मारली. डॉक्टरीण बाईंपाशी आली, तेव्हा बाईंनी नुसता तिचा हात धरला. मावशी मात्र जिन्याच्या कठड्याला टेकून उभी होती.

"तुझं काय बिनसलंय आता?" बाईंनी विचारलं.

"कसं झालं ते कळलं. कोणी केलं ते कुठं कळलंय? फंडाच्या साहेबांना काय स्वप्न पडलं, की नकाशा हजारदा उघडा? बहुतेक लोक एकदा उघडतात. फार तर दोनदा. ठिपका दर वेळी मुद्दाम हलवला जातो, हे कोणीतरी त्यांना सांगितलं. पाण्याचं मात्र सांगितलं नाही, कारण त्यालाच ते माहीत नव्हतं. मिस्त्रीला माहीत होतं, मुलीने तर सुचवलंच होतं. भाऊ फोन दुरुस्त करतो, पण नकाशा आतून कसा चालतो हे त्याला कळत नाही. मग चिंगे, ठिपका हलतो हे तू अजून कोणाला सांगितलंस?"

"कोणालाच..." बाई थांबल्या. "लेखात लिहिलंय."

"कुठल्या लेखात?"

"अजून छापलेला नाही. नियतकालिकाकडे पाठवलाय. छापण्याआधी दोन परीक्षक तो वाचतात. ते कोण, हे मला कळत नाही, तशी पद्धतच आहे. दोन महिन्यांपूर्वी दुसऱ्या परीक्षकाने लिहिलं होतं की, ठिपके सरकवण्याची पद्धत सविस्तर द्यावी. मला बरं वाटलं होतं. म्हटलं, कोणीतरी नीट वाचतंय." "मी दोन पानं लिहून पाठवली. पाण्याची गोष्ट त्यात नाही. क्षुल्लक वाटली होती."

६

संपादकांचा मेल शनिवारी सकाळी आला. लेख स्वीकारण्याची शिफारस दोन्ही परीक्षकांनी केली होती. अभिनंदन. दुसऱ्या परीक्षकाची फक्त एक किरकोळ सूचना होती, ती खाली जोडली होती. बाईंनी ती मावशीला मोठ्याने वाचून दाखवली:

"जलाशयाला लागून असलेल्या घरांचे ठिपके वेगळ्या रीतीने सरकवले जातात का, हे लेखिकेने स्पष्ट करावं."

लेखात कालव्याचा उल्लेख कुठेही नव्हता. सूचनेवर तारीख बुधवारची होती. काकांनी तक्रार केली नव्हती ही बातमी त्याच सकाळी छापून आली होती. टेलरबाईची बटणं टेबलावर पडली ती गुरुवारी.

मावशीने चष्मा काढून पुसला. "चुकलं कुठं, ते विचारतोय," ती म्हणाली. "पुढच्या वेळेसाठी."

बाईंनी ताबडतोब संपादकांना सगळं कळवलं आणि परीक्षकाचं नाव मागितलं. उत्तर सोमवारी सकाळी सव्वासात वाजता आलं. बाई तेव्हा वसाहतीतच होत्या, पहिल्या रांगेत. टेलरबाईने दार उघडून आधी दाराची बाहेरची बाजू पाहिली, हात फिरवून पाहिला, आणि मग बाईंना आत बोलावलं. दारावर काही नव्हतं.

प्रकरणाची चौकशी करू, असं संपादकांनी लिहिलं होतं. मात्र परीक्षकांची नावं कोणत्याही परिस्थितीत उघड केली जात नाहीत. त्यांना तसा शब्द दिलेला असतो. ही अडचण बाई समजून घेतील, अशी त्यांना खात्री होती. सुधारित लेखाची ते वाट पाहत आहेत.

तो लेख बाईंनी अजून पाठवलेला नाही.